संरक्षण अधिकारी अन् मोफत वकील: आमच्या ताईच्या डीव्ही (कौटुंबिक हिंसाचार) केसचा अनुभव

गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही कारण केस चालू आहे, मराठवाड्यातलंच आहे एवढं समजा. माझी मोठी बहीण, लग्नाला अकरा वर्षं, एक पोरगं, अन् मार खाऊन माहेरी यायची ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळी चार माणसं बसली, दाजींनी सगळ्यांसमोर कान धरले, आणि आम्हीच तिला परत नेऊन घातलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

या वेळी आधी पोलीस स्टेशनला गेलो. तिथं एनसी (अदखलपात्र तक्रार) घेतली अन् नवरा-बायकोचं भांडण आहे, समुपदेशनाला या म्हणले. तीन वेळा गेलो, दोनदा दाजी आलेच नाहीत, तिसऱ्यांदा आले ते "मी नांदवायला तयार आहे" एवढं बोलून निघून गेले, यात दीड महिना गेला. शेवटी आमच्या अंगणवाडीताईंनी सांगितलं म्हणून १८१ ला फोन लावला आणि तिथल्या बाईंच्या तोंडून पहिल्यांदा संरक्षण अधिकारी हा शब्द ऐकला. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, आणि इतक्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही की अशा बाईला मदत करायला असा एक अधिकारी असतो अन् त्याच्याकडं एक रुपया लागत नाही.

ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, संरक्षण अधिकारी मॅडमकडं आणखी एका तालुक्याचा चार्ज. पण त्यांनी जो अहवाल भरला त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले. कौटुंबिक घटना अहवाल, सगळे डीआयआर म्हणतात. कधी मारलं, कुठं, कुणी, असं त्यात लिहायचं असतं. ताईला तारखा कुठून आठवणार, ती म्हणली रोजचंच हाय. मॅडमनी पेन खाली ठेवला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं आणि म्हणल्या, त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते सांग. पोळ्याच्या करीला, ताई म्हणली. मॅडमनी करीची तारीख बघून लिहिली. अजून? पोरगं झेंड्याला गेलं होतं तवा. पंधरा ऑगस्ट का? न्हाई, आपला मराठवाड्याचा. मॅडमनी लिहिलं १७ सप्टेंबर. असं करत करत सात तारखा निघाल्या. पैसे न देणं, माहेरी फोन करू न देणं, घाण घाण बोलणं हे पण कायद्यानं हिंसेतच धरतात हे ताईला तिथं कळलं, तोवर ती फक्त हात उचलला तेवढंच सांगत होती.

वकील विधी सेवा समितीकडून मिळाला. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, फी नाही. त्याआधी एका खाजगी वकिलानी २५,००० सांगितले होते, वर घर सासऱ्याच्या नावावर आहे तुमचा काही हक्क नाही असंही म्हणला होता. या वकीलबाईंनी सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२० चा निकाल समोर ठेवला, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथं नांदत होती म्हणून राहायचा हक्क मागता येतो. केस पण माहेरच्या तालुक्यात टाकली, बाई तात्पुरती जिथं राहते तिथं टाकता येते, त्यामुळं सासरच्या गावी खेटे वाचले.

खरी तक्रार आहे ती वेळेची. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत अन् ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा. आमची पहिली तारीख पाच आठवड्यांनी लागली. नोटीस दोन दिवसांत पोचवायचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं, पण मॅडमला गाडीच नाही, त्या एसटीनं जातात, दोनदा घराला कुलूप म्हणून नोटीस परत आली. समोरचा आला नाही तरी कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाचा तात्पुरता, आदेश मिळतो, तो अर्ज पहिल्याच दिवशी टाका, आम्ही तिसऱ्या तारखेला टाकला आणि आदेश चौथ्या महिन्यात मिळाला. महिना ४,०००, राहायला माळवदाची एक खोली, आणि दाजींनी अंगावर यायचं नाही.

खोली उघडली तर आत छतापर्यंत सोयाबीनची पोती. मॅडम अन् एक शिपाई दारात उभे, कुणी हलेना. मग ताईच्या जावेनंच पदर खोचला आणि पहिलं पोतं ओढलं. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वकीलबाईंनी पोलीस पाटलासमोर वाचून दाखवलं होतं, त्याचाही उपयोग झाला असंल. आदेशाची नक्कल कोर्टातून फुकट मिळते, ती पोलीस स्टेशनला नेऊन द्या आणि पोच घ्या, हे विसरू नका.

मॅडमना पाचपैकी पाच, वकीलबाईंना चार, तारखांना दोनच. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तालुका पातळीवर पण संरक्षण अधिकारी नेमा असं राज्यांना सांगितलंय, ते खरंच भरले अन् त्यांना गाडी दिली तर आमचे ते चार महिने दुसऱ्या कुणाचे जाणार नाहीत. ताई आता त्याच खोलीत राहते, चूल वेगळी मांडलीय. पैशाचे दोन महिने थकलेत, वसुलीचा अर्ज टाकलाय, तारीख लागली की त्याचं काय झालं ते लिहीन.