हुआवेचा आभासी शेअर: परतावा घसघशीत, मालकी मात्र नीट तपासून घ्या

हुआवेचा हा शेअर बाजारात मिळत नाही. त्यासाठी चीनमधल्या शेन्झेनच्या या दूरसंचार कंपनीत नोकरी हवी, कामगिरीचा शेरा चांगला हवा. मग वर्षाचा कोटा वाट्याला येतो. पदानुसार कमाल मर्यादा असते आणि पैसे खिशातूनच भरायचे. २०२३ मध्ये भाव होता ७.८५ युआन आणि त्या वर्षाचा लाभांश दीड युआन, म्हणजे जवळपास १९ टक्के. मुदत ठेवींवर जगणाऱ्याला हेवा वाटावा असा आकडा.

भाव मात्र बाजार ठरवत नाही. तो निव्वळ मालमत्तेच्या मूल्यावर बेततात आणि ७.८५ वर तो वर्षानुवर्षे थबकला होता. तेव्हा कमाई काय ती लाभांशाची. पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीत अडकतात, हा धोका वेगळाच. विकायला गिऱ्हाईकही एकच: कंपनीची ट्रेड युनियन. राजीनामा दिला की शेअर परत करायचा. आठ वर्षांची नोकरी आणि वयाची पंचेचाळिशी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला तो ठेवता येतो.

खरी मेख नोंदणीत आहे. चिनी कायद्यानुसार मर्यादित कंपनीत पन्नासपेक्षा जास्त भागधारक चालत नाहीत. म्हणून दप्तरी नावे दोनच: युनियनची समिती आणि एक टक्क्याहून कमी वाटा असलेले संस्थापक रेन झेंगफेई. दीड लाख कर्मचाऱ्यांच्या हाती असतो तो फक्त कंपनीशी केलेला करार. वाढीव मोबदला मागत न्यायालयात गेलेले दोन माजी कर्मचारी २००३ मध्ये याच मुद्द्यावर हरले.

मताचा हक्क आहे. शेअरधारक ११५ प्रतिनिधी निवडतात, ते संचालक निवडतात. रेन यांच्याकडे नकाराधिकार. शिवाय चीनमधल्या ट्रेड युनियनांच्या नियमांप्रमाणे युनियन बरखास्त झाली तर तिची मालमत्ता वरच्या युनियनकडे जाते, आणि सर्वांत वरचा महासंघ कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली चालतो. बाल्डिंग आणि क्लार्क या अभ्यासकांनी २०१९ मध्ये बोट ठेवले ते इथेच. युनियन फक्त नावापुरती धारक आहे, असे हुआवेचे म्हणणे. सिनोपेक या तेल कंपनीसारखी उघड सरकारी मालकी इथे नाही, पण ‘कामगारांची कंपनी’ हे बिरुदही मला फुगवलेले वाटते.

बंगळुरूच्या केंद्रातल्या भारतीय अभियंत्याला हा माल मिळतच नाही. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी टीयूपी (टाइम युनिट प्लॅन), म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीचे युनिट, हा वेगळा प्रकार आहे. तो फुकट मिळतो. पहिल्या वर्षी लाभांश नाही, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, चौथ्या वर्षी पूर्ण. पाचव्या वर्षी पूर्ण लाभांशासोबत वाढीव मूल्याचा हिशेब होतो आणि युनिट बाद. मत नाही, कर्ज काढून रक्कम गुंतवायची गरजही नाही.