‘विल’, ‘गोइंग टू’ की वर्तमानकाळच? इंग्रजीत उद्याविषयी बोलताना करायची निवड

शाळेतल्या तक्त्यात भविष्यकाळाच्या रकान्यात ‘विल’ आणि ‘शॅल’ एवढेच लिहिलेले असते, आणि पुढे अनेकांचे सगळे भविष्य त्या एका ‘विल’वरच निभावते. वास्तविक इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्ययच नाही. आपल्याकडे ‘करीन, करशील, करील’ अशी रूपे धातूपासून होतात. इंग्रजी मात्र उसनवारीवर काम भागवते. ‘विल’ हे मुळात इच्छिण्याचे क्रियापद, ‘शॅल’ देणे लागण्याचे, ‘गोइंग टू’ जाण्याचे, आणि उरलेली गरज वर्तमानकाळ भागवतो. म्हणूनच यांतून निवड करताना घटना किती जवळ आहे हे पाहण्यापेक्षा आपण कशाच्या आधारावर बोलत आहोत हे पाहिलेले बरे.

पहिली अडचण ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांच्यात येते. बोलता बोलता घेतलेला निर्णय ‘विल’ने सांगतात, आधीच मनात ठरलेला बेत ‘गोइंग टू’ने. दाराची घंटा वाजली आणि तुम्ही उठलात, तर ‘आय विल ओपन इट’. जुनी स्कूटर विकायचे महिनाभर डोक्यात असेल, तर ‘आय ॲम गोइंग टू सेल इट’. दुसऱ्या वाक्याला मराठीतले ‘विकणार आहे’ चपखल बसते. पहिल्याच्या बाबतीत मात्र मराठी आपल्याला फसवते, कारण अशा वेळी आपण ‘थांबा, मी उघडतो’ असे वर्तमानकाळात म्हणतो आणि त्याच सवयीने ‘आय ओपन इट’ तोंडात येते, जे इंग्रजीत चालत नाही.

अंदाजाच्या बाबतीत मराठीची मदत अधिक भरवशाची आहे. आभाळ भरून आलेले दिसते तेव्हा आपण ‘पाऊस पडणार’ म्हणतो, आणि नुसते मत द्यायचे असेल तर ‘उद्या पाऊस पडेल’ म्हणतो. इंग्रजीतही समोर पुरावा असला की ‘इट इज गोइंग टू रेन’ आणि केवळ मत असले की ‘इट विल रेन’ म्हणण्याकडे कल असतो. सीमा अगदी काटेकोर नाही. पुष्कळदा दोन्ही चालतात, आणि तिथे फार कीस काढू नये.

‘विल’मधली जुनी इच्छा नकारात अजून जिवंत आहे. ‘ही वोन्ट लिसन’ म्हणजे तो ऐकायलाच तयार नाही, आणि ‘द डोअर वोन्ट ओपन’ म्हणजे दार काही केल्या उघडत नाही. त्यामुळे आमंत्रणाला ‘आय वोन्ट कम’ असे उत्तर दिले, तर ‘मला जमणार नाही’ऐवजी ‘मी येत नाही, जा’ असा सूर लागू शकतो. ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ म्हणणे सुरक्षित.

आता ‘गोइंग टू’ आणि चालू वर्तमानकाळ यांची तुलना करू. ‘आय ॲम गोइंग टू सी द डेंटिस्ट’ या वाक्यात दात दाखवायचा निश्चय आहे. ‘आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ऑन थर्सडे’ म्हटले की वेळ घेऊन झालेली आहे. दुसऱ्या कोणाशी काही ठरले असेल, तर चालू वर्तमानकाळ निवडावा. पावसाशी कोणी वेळ ठरवत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चुकते. साधा वर्तमानकाळ मुख्यतः वेळापत्रकासाठी वापरावा: ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’. खाजगी बेतांना तो सहसा शोभत नाही.

साध्या वर्तमानकाळाचे खरे महत्त्वाचे ठिकाण वेगळेच आहे. ‘पाऊस पडला तर’, ‘मी पोचलो की’ असे आपण भूतकाळी रूपाने म्हणतो. इंग्रजीला तिथे वर्तमान हवा असतो: ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन आय रीच’. तरीही ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू’ अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात. इथे एक देशी कसोटी उपयोगी पडते. ‘व्हेन’चा अर्थ ‘जेव्हा’ असेल तर ‘विल’ गाळावे. ‘केव्हा’ असेल तर ठेवावे. ‘तो केव्हा येईल ते मला माहीत नाही’ याचे ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबरच आहे, पण ‘तो जेव्हा येईल तेव्हा सांगेन’ याचे ‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स’ होते.

‘विल बी’ लावून केलेले चालू रूप कचेरीत विशेष कामाचे. ‘विल यू यूज द हॉल टुमॉरो?’ हे विनंतीसारखे किंवा इच्छा विचारल्यासारखे ऐकू येऊ शकते. ‘विल यू बी यूजिंग द हॉल टुमॉरो?’ यात फक्त तुमचा बेत विचारला जातो, त्यामुळे ते अधिक अदबशीर वाटते.

राहिला ‘शॅल’. प्रथमपुरुषी साध्या भविष्याला ‘शॅल’ लावावे हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने 1653 मध्ये आपल्या लॅटिन भाषेतील व्याकरणात मांडला आणि पुढे शाळांनी तो शतकानुशतके जपला. आज बोलण्यात त्याची जागा मुख्यतः ‘शॅल आय क्लोज द विंडो?’ अशा प्रश्नांत आहे, म्हणजे जिथे आपण ‘खिडकी लावू का?’ म्हणू तिथे. करारपत्रात मात्र ‘द टेनंट शॅल पे’ असे लिहिलेले असले, तर ते भाकीत समजू नये. भाडे देणे भाडेकरूवर बंधनकारक आहे, एवढाच त्याचा अर्थ.