पॉइंट बाद होण्याची भीती आणि रिकामं झालेलं खातं

‘तुमचे ४८,००० पॉइंट आज रात्री बाद होणार.’ खाली लिंक. विमान कंपन्यांच्या सभासद योजनांत प्रवास केला की पॉइंट जमतात आणि त्यांवर पुढे तिकीट किंवा व्हाउचर घेता येतं. सतत विमानप्रवास करणाऱ्याला मेसेज खरा वाटतो, कारण पॉइंटना मुदत असते हे ठाऊक असतं. आपली नेमकी तारीख मात्र कधी पाहिलेली नसते. भामटा ही फट बरोब्बर हेरतो.

लिंकवर कंपनीच्या साइटसारखंच पान उघडतं. तिथे टाकलेला सभासद क्रमांक आणि पासवर्ड पलीकडचा माणूस त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतो. मग ‘पडताळणीसाठी’ ओटीपी मागतात. तो मिळाला की आधी नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल बदलला जातो, म्हणजे पुढच्या सूचना मालकाकडे जातच नाहीत. मग गिफ्ट व्हाउचर काढतात, नाहीतर चार-पाच तासांत सुटणाऱ्या विमानाचं तिकीट, अनोळखी नावावर. घाई मुद्दाम असते: तक्रार नोंदेपर्यंत तो प्रवासी उतरलेलाही असतो.

तो प्रवासीही कधीकधी फसलेलाच असतो. दलालाकडून निम्म्या भावात घेतलेल्या तिकिटावर भाडं नाही, फक्त कर दिसत असेल, तर ते कुणाच्या तरी पॉइंटवर काढलंय. पॉइंट विकायला बहुतेक योजनांची मनाई असते, त्यामुळे असं तिकीट चेक-इनच्या काउंटरवरही रद्द होऊ शकतं.

गेलेले पॉइंट परत मिळतातच असं नाही. बऱ्याच योजनांच्या अटींत पॉइंट कंपनीच्याच मालकीचे असतात आणि त्यांचं मोल कधीही बदलता येतं. अमेरिकेत एका सभासदाला विमान कंपनीने योजनेतून काढलं. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ‘कमावलेले’ पॉइंट म्हणतो आपण, हौसेने!

मुदत पाहायची तर लिंक सोडा, ॲप स्वतः उघडा. काही योजनांत छोट्याशा व्यवहारानेही मुदत वाढते, काहींत मिळाल्याच्या तारखेपासूनच मोजतात. क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की सहसा परत येत नाहीत; आधी पॉइंटवर सीट मिळतेय का ते बघा. बोर्डिंग पासचा फोटो कुठेही टाकू नका, बारकोडमध्ये नाव, पीएनआर आणि बऱ्याचदा सभासद क्रमांकही असतो.

चोरी लक्षात आली तर पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, मग कंपनीला फोन करून खातं गोठवायला सांगा आणि अजून न सुटलेल्या विमानांची तिकिटं रद्द करून घ्या.