अँड्रॉइडएक्सचं एक्झिफइंटरफेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गावोगावच्या बारवांची नोंद ठेवणारं एक छोटं अ‍ॅप आम्ही चार मित्र चालवतो. कुणी बारवेचा फोटो टाकला की त्यातलं ठिकाण वाचून नकाशावर खूण करायची. या कामासाठी गेले आठ महिने एक्झिफइंटरफेस ही लायब्ररी वापरतोय. फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती (एक्झिफ) वाचायला आणि लिहायला अँड्रॉइडएक्स या गूगलच्या लायब्ररी-संचात ती मिळते.

फोटोत अक्षांश सरळ एका आकड्यात नसतो. अंश, मिनिटं, सेकंद असे तीन अपूर्णांक असतात आणि उत्तर की दक्षिण हे दुसऱ्याच टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या वेगळ्या खान्यात. रायगडावरच्या आमच्या एका फोटोत ‘१८/१, १४/१, ४२/१०’ आहे, म्हणजे १८.२३४५. पूर्वी हे गणित मीच करायचो, आणि दिशेचा टॅग वाचतच नव्हतो. सगळे फोटो महाराष्ट्रातले, त्यामुळे चूक कळायला काही मार्गच नव्हता.

लायब्ररीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ठिकाण वाचणारं ‘गेटलॅटलाँग’ हे फंक्शन. जुन्या पद्धतीत रिकामा फ्लोट अ‍ॅरे (दशांश आकड्यांची यादी) द्यायचा, फंक्शन तो भरणार आणि जमलं की नाही ते खरं-खोटं सांगणार. ते उत्तर मी एका जागी तपासलं नव्हतं. ठिकाण नसलेल्या ११ बारवा शून्य-शून्यावर, थेट आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात जाऊन बसल्या. आता अक्षांश-रेखांश जोडीनेच मिळतात, तेही डबलमध्ये, म्हणजे जास्त अचूक दशांश आकड्यांत. नसतील तर नल, म्हणजे काहीच नाही. अर्धवट ठिकाण हाती येतच नाही. उंचीचंही तसंच: नोंद नसेल तर काय परत द्यायचं ते आपणच सांगायचं. मी ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) देतो, कारण कोकणात शून्याच्या आसपासची उंची खरी असू शकते.

खटकतं ते फोटोत ठिकाण लिहिणारं ‘सेटलॅटलाँग’. दोन सुटे डबल घेतं. मर्यादा तपासतं, पण जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल प्रकारात रेखांश आधी असतो आणि इथे अक्षांश. पुण्याचे १८.५ आणि ७३.८ उलटे दिले तरी ७३.८ हा नव्वदच्या आतच, त्यामुळे ते निमूट चालतात आणि बारव नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात पडते. शेवटी मी स्वतःचा अक्षांश-रेखांश एकत्र ठेवणारा ‘ठिकाण’ नावाचा क्लास लिहिला. सुटे आकडे आता कुठेच फिरत नाहीत. असा प्रकार लायब्ररीतच हवा होता.

बदल फाइलमध्ये जतन करणारं ‘सेव्हअ‍ॅट्रिब्यूट्स’ दर वेळी अख्खी फाइल नव्याने लिहितं, म्हणून सगळे बदल करून एकदाच बोलवा. हाइफ या फाइल प्रकारातले फोटो वाचता येतात, त्यात लिहिता येत नाही.

अँड्रॉइड १० पासून मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. गॅलरीतल्या फोटोतलं ठिकाण सिस्टिमच झाकून देते. मी दोन संध्याकाळी लायब्ररीत दोष शोधत होतो. ‘अ‍ॅक्सेस मीडिया लोकेशन’ ही परवानगी मागितली, मूळ फाइलच हवी असं सांगणारं ‘सेटरिक्वायरओरिजिनल’ लावलं, आणि त्याच फोटोतून ठिकाण आलं.