काडतूस वाजलं म्हणून वाचलो

"काळ्या दारूची आहेत, जुन्या मापाने ४० ग्रेन भरलेली," असं काडतुसं घरी भरून विकणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं. काळी दारू म्हणजे जुन्या काळची, भरपूर धूर करणारी बंदुकीची दारू. ५० काडतुसांच्या त्या डब्यावर हाताने तसंच लिहिलेलंही होतं. माझं रिव्हॉल्वर .४५ कोल्टचं, १९०० च्या आधीचं. नंतर आलेल्या, जास्त ताकदीच्या धूरविरहित दारूसाठी कोल्ट कंपनीने या बनावटीची हमी दिली ती १९०० पासून. त्याआधीच्याला काळी दारूच हवी, हे मी त्याला आधीच बजावलं होतं. म्हणून राग जास्त येतो.

दाणा कुठला, असं मी विचारलं तेव्हा तो गडबडला होता. काळ्या दारूच्या नावात जितके 'एफ' (इंग्रजी F) जास्त तितका दाणा बारीक आणि जळणं जलद. पिस्तुलाला साधारण तीन एफ वापरतात. स्वतः काडतुसं भरणाऱ्याला एवढं ठाऊक असतंच. तिथेच मी मागे फिरायला हवं होतं.

घरी एक काडतूस कानाशी धरून हलवलं, तर आत खुळखुळलं. काळ्या दारूचं काडतूस असं वाजत नाही. ती दारू पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) गोळीच्या बुडापर्यंत किंचित दाबूनच भरतात, मध्ये पोकळी राहणं धोक्याचं. धूरविरहित दारू मात्र तळाशी चिमूटभरच असते.

पाच काडतुसं उघडली. आतून राखाडी, चकचकीत चकत्या निघाल्या, म्हणजे धूरविरहित दारूच. चार काडतुसांत दारू जवळपास सारखी, पाचव्यात जवळपास दुप्पट! एवढ्या मोठ्या पुंगळीत दुप्पट दारूही सहज मावते, सांडत नाही, त्यामुळे भरणाऱ्याला कळत नाही. अख्खं काडतूस तोलूनही खात्री होत नाही, कारण गोळ्या आणि पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो.

जाब विचारला तर म्हणाला, "ग्रेन म्हणजे ग्रेन, दारू कुठली का असेना." हे साफ खोटं आहे. ग्रेन हे नुसतं वजन, पौंडाचा ७००० वा भाग. दाब वाढला की धूरविरहित दारू आणखी वेगाने जळते. काळ्या दारूच्या वजनाइतकी ती भरली तर सिलिंडर हातातच फुटेल. काळ्या दारूला पर्याय म्हणून मिळणारी पूडसुद्धा हलकी असते, म्हणून ती वजनाने नव्हे, आकारमानाने मोजतात.

पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस, तो कितीही ओळखीचा असो, जुन्या हत्यारात घालू नका. उरलेली ४५ मी एकेक करून उघडली. दुप्पट भरलेली आणखी दोन निघाली.