जामठ्याचं मैदान: बुटीबोरीकडून येणाऱ्यांनी वाचावं

वणी, वरोरा, हिंगणघाटकडून मॅच पाहायला येणाऱ्याला नागपुरात शिरायचं कामच पडत नाही, ही जामठ्याची मोठी सोय. जाम, बुटीबोरी, की वर्धा रोडवर मैदान. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानासाठी पार शहरात घुसावं लागे. तरी मान जुन्याचाच! १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडचे तिघं लागोपाठ बोल्ड केले आणि गावसकरने वनडेतलं एकुलतं एक शतक मारलं, ते तिथंच.

जामठ्यात पहिली कसोटी २००८ ला झाली. ऑस्ट्रेलियाच्या क्रेझाने पदार्पणातच १२ बळी घेतले. गांगुली कारकिर्दीतल्या शेवटच्या डावात क्रेझाच्याच गोलंदाजीवर पहिल्या चेंडूला शून्यावर गेला. भारत मात्र १७२ धावांनी जिंकला.

तिकीट काढण्याआधी खेळपट्टीचा स्वभाव ओळखा. २०१५ ला दक्षिण आफ्रिका ७९ वर गारद, कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. २०२३ ला ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात ९१. पुन्हा तिसऱ्याच दिवशी खेळ खल्लास. २०१२ ची इंग्लंडविरुद्धची कसोटी मात्र पाच दिवस रेंगाळून अनिर्णित. म्हणून कसोटीचा एकच दिवस जमत असेल तर पहिला किंवा दुसरा धरा. चौथ्या दिवसासाठी वावरातलं काम मोडू नका.

जागा पश्चिमेकडची घ्या, दुपारचं ऊन पाठीशी राहतं. पूर्वेला बसणाऱ्याच्या तीन वाजल्यापासून थेट डोळ्यांत; दुपट्टा लागतोच. चेंडू किती वळतो हे उत्तर किंवा दक्षिण टोकावरूनच कळतं. बाजूने नुसती उसळी दिसते.

सप्टेंबरच्या सामन्याला पावसाची जोखीम आहे. २०२२ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धची टी-ट्वेंटी ओल्या मैदानापायी आठ-आठ षटकांवर आली. वाट पाहून पाहून लोकांचा जीव आंबला असणार.

परतीचं मात्र अवघड. मॅच सुटली की हायवे तुंबतो. मेट्रो खापरीलाच संपते, रात्रीच्या एसटीच्या भरवशावर राहू नये. गाडी येतानाच बाहेर निघायच्या तोंडाने लावून ठेवा.

खरा क्रिकेटचा नाद असेल तर रणजीला या. विदर्भाने २०१९ आणि २०२५ चे करंडक इथंच उचलले. २०२५ ची केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने काम केलं. साध्या रणजी सामन्याला गर्दी नसते, प्रवेश बहुधा फुकट. सकाळचं पहिलं सत्र चुकवू नका, चेंडू तेव्हाच जास्त हलतो.