सात महिने, एक माईक आणि ५६ हर्ट्झ

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे ती सोडून देतो. पाच इंची वूफरची ही स्पीकरची जोडी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात महिने वाजतेय.

पहिल्याच आठवड्यात खोलीतला आवाज मोजायचा माईक मागवला. ग्राफवर ५६ हर्ट्झच्या आसपास हा उंचवटा! दोष स्पीकरचा नव्हे, खोलीचा. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत नेमकी तीच लहर घुमते. ईक्यूने, म्हणजे ठरावीक पट्टीतला आवाज कमीजास्त करणाऱ्या सेटिंगने, तो कापला, खालचा घुमणारा आवाज आवरला. तिथंच थांबायला हवं होतं. हावरटपणा करून थेट २०,००० हर्ट्झपर्यंत रेघ सपाट केली आणि मित्रांना फोटो पाठवले.

मग कुमार गंधर्व लावले. गडी इथल्याच सुळेभावीचा, क्षयानंतर एका फुफ्फुसाच्या जोरावर गायलेला. दोन ओळींमधला त्यांचा श्वास हा आमच्या घरी गाण्याचाच भाग. तो कुकरच्या वाफेसारखा फिस्सकन यायला लागला. आई म्हणाली, "गाणं धुऊन वाळत घातल्यासारखं काय लागायलंय रे?" चार दिवस तिला ग्राफ दाखवत बसलो. पुढं वाचल्यावर कळलं, स्पीकरचा थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला, माईक दोन्हींची एकच बेरीज करतो. कान तसं करत नाही. चांगल्या स्पीकरची रेघ खोलीत उंच सुरांकडे थोडी उतरतीच असते. वरचं सगळं ईक्यू काढून टाकलं. ५६ चा काप मात्र ठेवलाय, त्यावर आईशी वाद घालायची तयारी आहे.

दिवाळीनंतर डावा स्पीकर खरखरायला लागला, तोही फक्त तानपुऱ्याच्या खरजाच्या तारेवर. सर्व्हिस सेंटर हुबळीला, म्हणजे मांडीवर खोकं घेऊन शंभरेक किलोमीटर बस. तिथल्या पोरानं लॅपटॉप फिरवला, "ग्राफ सरि ऐतरी." म्हणजे ग्राफ ठीक आहे. तपासणीचे ४०० रुपये, वर बसभाडं. मला कोणीतरी ग्राफ दाखवून गप्प करतंय, याचाच जास्त राग आला. कंपनीच्या रेटिंगमधला एक तारा तिथंच कापला.

घरी आणून लावला तर पुन्हा तेच. तानपुरा चालू असताना आई फडकं मारत होती. शोकेसच्या काचेवर हात पडला आणि खरखर थांबली. दिवाळीच्या सफाईत काच मीच सैल बसवली होती. हुबळीच्या तिकिटाची घडी करून फटीत कोंबली. अजून तिथंच आहे.